नात्याचा रकाना

विष्णू हुलावळेनं प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. बोर्डिंग पासचे तुकडे पंख्याच्या वाऱ्यानं टेबलभर पसरले, काही खाली उडाले. त्याच्याबरोबर आलेली बाई ते गोळा करायला वाकली.

"मॅडम, एवढ्यात दोन माणसं झांबियाला जाऊन येतील का?" विष्णूनं विचारलं.

मला हसू आलं. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की अजून मला माझाच राग येतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर बनवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा प्रवासाचं टेबल सांभाळत होते. आमची यंत्रं आफ्रिकेत, आखातात, बांगलादेशात जायची आणि ती बसवायला मागोमाग आमचे फिटर जायचे. त्यांचे व्हिसे, तिकिटं, पिवळ्या तापाची लस, सगळं माझ्याकडे. फिटर मला कानडे मॅडम म्हणायचे. मी सत्तावीस वर्षांची होते आणि आपल्यावाचून या कंपनीत कुणी जागचं हलू शकत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

"या तुकड्यांवर काही मिळत नाही हो," मी म्हटलं. "मैल खात्यात जमा होतात."

"मग खात्यात बघा की. तुम्हीच म्हणला होता, जेवढं उडाल तेवढे मैल साठतील, त्यातून फुकट तिकीट मिळतं. माझी सहा वर्षांची विमानं हायेत ही. एक तुकडा टाकला नाय मी."

"आणि या?"

"वहिनी. आमच्या दत्तूदादाची..."

दत्तू हुलावळे विष्णूचा थोरला भाऊ, आमचाच फिटर. दोन वर्षांपूर्वी झांबियातल्या एका सिमेंट कारखान्यात यंत्र बसवत असताना त्याला मलेरिया झाला, तो मेंदूत गेला आणि तिसऱ्या दिवशी दत्तू संपला. विष्णू तेव्हा बांगलादेशात होता. प्रेत आणायच्या कागदपत्रांना पंधरा-वीस दिवस लागतील म्हणून कंपनीनं तिथंच अग्नी द्यायचं ठरवलं. वडगावच्या घरी आली ती त्याची बॅग आणि अस्थींचा डबा.

सिंधूवहिनी अंगणवाडीत शिकवायची. पस्तिशीची, काटक बाई. मी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"मला ती जागा बघायचीय," ती म्हणाली. "माणूस घरातून चालत गेला आणि डब्यात आला. मधलं आमच्यातल्या कुणीच काही पाहिलं नाही. दोन वर्षं कंपनीकडे मागतेय. तशी तरतूद नाही म्हणतात. नसू दे तरतूद. भाऊजी म्हणाले, माझे मैल आहेत, त्यात जाऊ."

मी संगणकावर विष्णूचं खातं उघडलं. शिल्लक शून्य. उघडायच्या आधीच मला ते माहीत होतं.

"आज साइट बंद आहे," मी म्हटलं. "परवा या."

विष्णूनं मान डोलावली आणि ते तुकडे तारीखवार लावून पुन्हा पिशवीत भरायला घेतले. त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी संगणकाकडे बघत बसले.

मैलांच्या बाबतीत माझा हात धरणारं त्या वेळी भोसरीत कुणी नव्हतं. तीच खुर्ची एका विमान कंपनीकडून घेतली तर किती मैल लागतात, आणि तिच्या भागीदार कंपनीकडून घेतली तर किती कमी, हे मला तोंडपाठ असायचं. बुधवारी निघालं तर काय फरक पडतो, कोणत्या शहरात मुक्काम केला तर एका तिकिटात दोन गावं होतात, मैल बाद व्हायच्या आत कुठं वापरायचे, सगळं मी नियमांची बारीक अक्षरं वाचून शोधून काढलं होतं. फिटरांची खाती काढून दिली तीही मीच. तोपर्यंत बिचारे वर्षानुवर्षं उडत होते आणि त्यांचे मैल कुठेच जमा होत नव्हते.

मग एका परदेशी विमान कंपनीची योजना माझ्या हाती लागली. बऱ्याच जणांचे मैल एका खात्यात एकत्र करायचे आणि एकानं ते वापरायचे. मी ती आमच्या संचालकांना, खर्शीकर साहेबांना सांगितली. त्यांच्या बायको-मुलीसाठी म्हणून सांगितली. ते म्हणाले, "त्या कुठे एवढ्या उडतात? उडतात ते फिटर." सर्वांत जास्त उडणारे आठ फिटर त्यांनी निवडले. मी अर्ज आणले, सह्या घेतल्या. "तुमच्याच सोयीसाठी आहे," असं त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून आठ जणांचे मैल साहेबांच्या खात्यात जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते खुशीत होते. मे महिन्यात सहकुटुंब स्वित्झर्लंडला जायचं होतं, विमानातल्या वरच्या वर्गानं, सगळं मैलांवर. पुढच्या सोमवारी मी ती तिकिटं काढणार होते.

"सर, विष्णू हुलावळेला दोन तिकिटांपुरते मैल हवेत. झांबियाला. दत्तूच्या बायकोला घेऊन जायचंय."

"कशाला?"

"ती जागा बघायला."

"दोन वर्षांनी?" त्यांनी चष्मा काढला. "कानडे, हे एकदा सुरू केलं की रोज कुणीतरी येईल. तिकिटांचे पैसे कुणी भरले? कंपनीनं. मग मैल कुणाचे?"

"कंपनीचे असतील तर खातं कंपनीच्या नावावर का नाही, सर?"

मी इतकं सरळ बोलेन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं.

"गेल्या वर्षी आईला घेऊन बँकॉकला गेली होतीस ना?" ते अगदी मवाळ आवाजात म्हणाले. "ते कुणाचे मैल होते? तेव्हा नाही विचारलंस."

खरंच नव्हतं विचारलं. आईनं तिथल्या बाजारात छत्र्या घेतल्या होत्या, आम्ही दोघी खूप हसलो होतो. साहेबांनी मोठ्या मनानं दिलंय, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले होते.

"सर, दत्तूचं नावसुद्धा अजून त्या खात्यात आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. राहू दे. तो गेल्याचं कळवलं की त्याचे मैल बाद होतात, तूच सांगितलं होतंस. आधी वापरून घेऊ."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढून त्यांनी विचारलं, "सोमवार नक्की ना?"

मी जागेवर आले आणि कपाटातून ती फाइल काढली. बाहेर पडायचा काही नियम असेल तर बघावा, एवढंच मनात होतं. अर्ज वर आला आणि मला माझंच अक्षर दिसलं.

त्या योजनेचं नाव होतं कुटुंबखातं. ती फक्त एका घरातल्या माणसांसाठी होती. अर्जात वर लिहिलं होतं, कुटुंबप्रमुख खर्शीकर. खाली आठ नावं आणि प्रत्येकापुढे एक रकाना, नातं. तो रकाना मी भरला होता, निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात. बाबू थोरात, पुतण्या. सलीम शेख, मेहुणा. विष्णू हुलावळे, भाऊ. दत्तात्रय हुलावळे, भाऊ.

भरताना मी साहेबांना विचारलं होतं, "आडनावं वेगळी आहेत, चालेल?" ते हसले होते. "तिकडे ऑफिसात बसलेल्या गोऱ्या बाईला काय कळणार आपली आडनावं?" आणि मीही हसले होते. मला ती फॉर्म भरायची गंमत वाटली होती!

दत्तू गेला तेव्हा हा माणूस पंचवीस किलोमीटरवरच्या वडगावला त्याच्या घरी गेला नव्हता. त्याच्या बायकोला दोन वर्षं दारात उभं करून परत पाठवत होता. आणि कागदावर दत्तूचा सख्खा भाऊ होऊन, मेलेल्या माणसाच्या मैलांवर बर्फ बघायला निघाला होता.

नियम सातव्या पानावर सापडला. कुठलाही सदस्य स्वतःच्या सहीनं बाहेर पडू शकतो आणि त्याचे न वापरलेले मैल त्याच्याबरोबर जातात. प्रमुखाची परवानगी लागत नाही.

त्या आठवड्यात सातही फिटर भोसरीतच होते. दुपारच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेले. एरवी माझा डबा वर टेबलावरच असायचा, त्यामुळे मला बघून ते सावरून बसले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मग तो अर्ज वाचून दाखवला, एकेक नाव, एकेक नातं.

आधी हशा पिकला.

"म्हंजी मी साहेबांचा पुतण्या?" बाबू थोरात म्हणाला. "मग माझ्या पोरीच्या लग्नाला काका का नाय आला?"

"और मैं मेहुणा!" सलीमनं कपाळाला हात लावला. "बहीण दिली कधी मी ह्यांना?"

विष्णू हसत नव्हता. "दादाच्या पुढं काय लिवलंय?"

"भाऊ," मी म्हटलं.

"सख्खा?"

"तसंच समजायचं."

मग कुणी हसलं नाही. ताटं तशीच राहिली. अर्जावर बोट ठेवून विष्णू म्हणाला, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "सही कुठं करायची ते दाखवा."

सातही जणांनी सह्या केल्या. सलीम म्हणाला, "वहिनीचं तिकीट माझ्या मैलांतून काढा. विष्णूचं त्याच्या."

दत्तूचं राहिलं होतं. त्याची सही कोण करणार? शनिवारी मी वडगावला गेले. सिंधूवहिनी अंगणवाडीचा हजेरीपट भरत ओसरीवर बसली होती. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. बँकॉकसुद्धा सांगितलं.

"आता दोनच गोष्टी होऊ शकतात," मी म्हटलं. "दत्तूचं नाव तसंच ठेवलं तर त्याचे मैल साहेब वापरणार. तो गेल्याचं कळवलं तर ते रद्द होणार, कुणालाच मिळणार नाहीत. तुम्हालाही नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

तिनं हजेरीपट मिटला. मग आत गेली आणि मृत्यूचा दाखला घेऊन आली.

"कळवा," ती म्हणाली. "काढा ह्यांना त्या घरातून."

"मैल फुकट जातील."

"जाऊ द्या. ह्यांना घर होतं. हे होतं." तिनं दाखला माझ्या हातात दिला. दोन वर्षं घडी न मोडता ठेवलेला कागद होता तो.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. खातं त्यांच्या समोरच्या पडद्यावर उघडं होतं. त्यात त्यांचे स्वतःचे मैल तेवढे उरले होते. मुंबई-दिल्लीच्या एका फेरीपुरते असतील नसतील.

"हे काय आहे?"

"सगळे बाहेर पडले, सर."

"तू चोरी केलीस, कानडे. पोलिसात देईन तुला!"

"द्या ना, सर. मी अर्ज घेऊन येते. नात्याचा रकाना पोलिसांना तुम्ही समजावून सांगा, मी माझं अक्षर ओळखून दाखवीन."

ते उठले, परत बसले. काचेबाहेर दोन कारकून माना वळवून बघत होते. "चालती हो," असं ते म्हणाले तेव्हा आवाज अगदी बारीक निघाला. मी टेबलाची किल्ली त्यांच्या समोर ठेवली. इतकी वर्षं या माणसाला मी मनात आणि बोलण्यात साहेब म्हणत होते, याची मला त्या क्षणी शिसारी आली.

झांबियाची ती दोन तिकिटं मी घरी बसून काढली. माझ्या सगळ्या कसबाचा खरा उपयोग तेव्हा एकदाच झाला. भागीदार कंपनीकडून काढली, बुधवारची धरली, गर्दी नसलेला महिना निवडला. विष्णूच्या आणि सलीमच्या खात्यात मैल उरले आणि उरलेल्यांत कारखान्याच्या त्या गावापर्यंतचं छोटं विमानही बसलं, नाहीतर दोघांना दिवसभर बसनं जावं लागलं असतं. सिंधूवहिनीचा पासपोर्ट निघाला, लस झाली. जूनमध्ये दोघं गेले आणि आठ दिवसांनी परतले.

परतल्यावर चौथ्या दिवशी ती चिंचवडला माझ्या घरी आली, एकटीच. आईनं चहा दिला. तो तिनं नुसता हातात धरून ठेवला.

"स्मशान चांगलं आहे," ती म्हणाली. "तिथल्या गुजराती लोकांचं. आंब्याची झाडं आहेत. एक म्हातारे दुकानदार व्यवस्था बघतात, रतिलालभाई. त्यांनी वही काढून दाखवली. जो जो अग्नीला हजर असतो त्याची सही घेतात ते. ह्यांच्या नावाखाली चार सह्या आहेत. रतिलालभाईंची, त्यांच्या मुलाची, आणि कारखान्यातल्या दोन तिथल्याच कामगारांची. त्यांनी खांदा दिला."

मग तिनं पिशवीतून एक पत्र काढलं. कंपनीचा कागद, खाली खर्शीकरांची सही. दत्तू गेल्यावर घरी आलेलं सांत्वनाचं पत्र. मी ते कधी पाहिलं नव्हतं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 'मी स्वतः तेथे असल्याने अंत्यविधीस अखेरपर्यंत हजर राहिलो.'

"ही ओळ मी सासूबाईंना रोज वाचून दाखवायची," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटायचं. कंपनीचा एवढा मोठा माणूस शेवटपर्यंत होता म्हणून. गेल्या वर्षी गेल्या त्या, ह्याच समाधानात. मग वहीत साहेबांची सही का नाही? तुम्हाला काही माहिती आहे?"

मला माहिती होती. खर्शीकर तेव्हा खरंच झांबियात होते, पाहणीला. दत्तू सकाळी गेला. दुपारी त्यांचा मला फोन आला. "माझं तिकीट आजच्या संध्याकाळचं कर, आणि मैल वापरून वरचा वर्ग घे, पाठ दुखतेय." दत्तू गेल्याचं ते त्यानंतर बोलले. अग्नी दिला दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा ते मुंबईत उतरत होते. आणि त्या रुंद खुर्चीसाठी मैल कापले गेले ते त्याच खात्यातून, ज्यात दत्तूचेही होते.

मी हे सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती, तीही हलली नाही.

सिंधूवहिनी रडली नाही. तिनं पत्र माझ्यासमोर ठेवलं. "खाली लिहा. तिकीट कोणत्या तारखेचं केलं ते. आणि सही करा."

मी लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवसापासून ती कंपनीच्या फाटकासमोर उभी राहायला लागली. अंगणवाडी सुटली की यायची आणि दुपारच्या सुट्टीभर उभी असायची. घोषणा नाही, फलक नाही. पहिल्या दिवशी कामगार अधिकारी बाहेर आला. नोकरी देतो म्हणाला, मदत देतो म्हणाला. "मला साहेबांकडून एक पत्र वाचून घ्यायचंय," एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी विष्णू, सलीम आणि बाबू डबे घेऊन बाहेर आले आणि तिच्या शेजारी उभ्यानं जेवले. चौथ्या दिवशी अख्खं कँटीन रस्त्यावर होतं. मी समोरच्या चहाच्या टपरीवरून बघत होते. माझी तिच्याशेजारी उभं राहायची हिंमत नव्हती.

सहाव्या दिवशी खर्शीकरांची गाडी फाटकातून निघाली आणि माणसांमुळे तिला थांबावं लागलं. कुणी हात लावला नाही, कुणी ओरडलं नाही. ती गाडीजवळ गेली. काच खाली झाली. तिनं पत्र आत दिलं.

ते वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते.

"मोठ्यानं," सिंधूवहिनी म्हणाली.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शंभर-सव्वाशे माणसं होती, हातात डबे. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. श्रीमती सिंधू हुलावळे यांस. आपले पती कै. दत्तात्रय यांच्या निधनाने आम्हां सर्वांस अतीव दुःख झाले. मी स्वतः तेथे असल्याने...

आणि थांबले.

ती वाट बघत उभी राहिली. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. गाडीचं इंजिन चालू होतं, तेवढाच आवाज. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पुढचे शब्द कागदावर होते, त्यांनीच सही केलेले, आणि त्यांना ते उच्चारता येईनात.

बऱ्याच वेळानं तिनं हात आत घालून पत्र काढून घेतलं, घडी केली आणि कामगारांना म्हणाली, "जेवून घ्या आता."